साक्ष

वाचनालयात आम्ही दर रविवारी एका कादंबरीवर बोलतो. परवाच्या कादंबरीत नवऱ्याच्या गाडीखाली माणूस मरतो आणि बायको गुन्हा स्वतःवर घेते. "याला म्हणतात प्रेम!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. निवृत्त बसड्रायव्हर मात्र उभे राहिले. "प्रेम खरंच, पण तिनं त्याला जन्मभर कोंडून ठेवलं. माझ्या बसखाली शाळकरी मुलगी गेली, तेव्हा माझा डोळा लागला होता. माझ्या कंडक्टरनं साक्ष दिली, पोरगीच धावत आडवी आली म्हणून. मी सुटलो. तिच्या आईबापांना अजून वाटतं, चूक तिचीच होती. खरं सांगावं, तर हा मित्र अडकेल." शेजारी बसलेल्या कंडक्टरांनी मान खाली घातली. मग त्यांनी पुस्तक मिटलं. "तिचं घर ठाऊक आहे?" "एकवीस वर्षं पत्ता पाठ आहे." "चल. दोघं जाऊ."