नासपतीखालची जागा

एडविन प्रॉबर्ट सकाळी नेहमीच्या वेळी उठले. पडदे सरकवले, एक अंडं उकडलं, पाव भाजला आणि त्याची कड काढून बशीच्या काठाशी ठेवली. ती कड बार्लीची, त्यांच्या कुत्र्याची. बशी खाली ठेवायला वाकल्यावर त्यांना त्याची झोपायची टोपली दिसली आणि आठवलं. बार्ली रात्रीच गेला होता. त्याच्यावर शाल त्यांनीच पांघरली होती. त्यांनी कड स्वतः खाल्ली, बशी धुतली, दाढी केली, टाय बांधला. मग दिवंगत पत्नीची, नोराची, बाजारहाटाची चाकांची पिशवी कोपऱ्यातून काढली आणि त्या लहानशा टेरिअरला शालीसकट तिच्यात ठेवलं.

औषधाच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्यांपासून जुन्या घरापर्यंत सगळा चढ होता. बागेच्या फाटकाशी ते थांबले. त्यांची लेक मेरिएल दोरीवर चादरी वाळत घालत होती.

"आज उशीर केलात, बाबा? आणि स्वारी कुठंय?"

प्रॉबर्टांनी पिशवीकडे पाहिलं. मेरिएलनं हातातली चादर तशीच टोपलीत टाकली आणि धावत येऊन फाटक उघडलं. ते मात्र बाहेरच उभे राहिले.

घर आणि बाग त्यांनी तीन वर्षांपूर्वी मेरिएलच्या नावे केली होती. तिथल्या कायद्याप्रमाणे, दिल्यानंतर सात वर्षं जगायचं, आणि दिलेल्या वस्तूचा उपभोग स्वतः घ्यायचा नाही. एवढं पाळलं तर त्यांच्यामागे या घरावर वारसाकर लागणार नव्हता. नाही पाळलं तर तो कर भरण्यासाठी मेरिएलला घरच विकावं लागलं असतं. अधूनमधून भेटायला गेलात, बागेत कुत्रा फिरवलात तर हरकत नाही, असं वकिलानं सांगितलं होतं. प्रॉबर्टांचा जन्म दुकानदारांची वजनं तपासण्यात गेला होता. ते रोज कुत्रा फिरवत आणि परत जात. तीन शरद ऋतूंत त्यांनी तिथली एकही नासपती तोडली नव्हती.

"आईच्या नासपतीच्या झाडाखाली पुरूया," मेरिएल म्हणाली. "तिथंच लोळायचा तो."

"माझा कुत्रा तुझ्या जमिनीत? कायमचा? जागा वापरल्यासारखं होईल ते."

"बाबा, कुत्रा आहे तो! कर खात्याचा माणूस काय फावडं घेऊन येणार आहे?"

"तो कशाला येईल? तुलाच बोलावून विचारेल. आणि तुला खोटं बोलता येत नाही. जॅम चोरून खाल्लास की कान लाल व्हायचे तुझे."

"मग काय, या पिशवीतून परत नेणार त्याला?"

प्रॉबर्टांनी झाडाकडे पाहिलं. मग त्यांनी कोटाच्या खिशातून बार्लीचा चामड्याचा पट्टा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"बार्ली तुला दिला. आता कुत्रा तुझा, जमीन तुझी."

मेरिएलला हसू येऊ पाहत होतं. त्यांचा चेहरा पाहून ते आलं नाही. तिनं पट्टा घेतला, आणि पिशवीही.

ती खणू लागली. उघड्या फाटकापलीकडून ते सांगत राहिले.

"डावीकडे मुळं आहेत. उजवीकडून घे."

"आत तरी या, बाबा. मला नाही जमत नीट."

"जमतंय. अजून खोल. कोल्हे उकरतात."

तिनं शालीचं गाठोडं खाली ठेवलं तेव्हा त्यांनी टोपी काढली. माती लोटून झाल्यावर मेरिएल रिकामी पिशवी घेऊन फाटकाशी आली. दुसऱ्या हातात एक पिकलेली नासपती होती. तिनं ती पुढे केली. त्यांनी टोपी दोन्ही हातांत धरून ठेवली.

"छान फळं धरलीयेत यंदा," ते म्हणाले.

नासपती थोडा वेळ तशीच राहिली. मग तिनं हात खाली घेतला.

"उद्या याल ना?"

"उद्या कशाला? फिरवायला आता आहे कोण?"

"माझ्याकडे या. नुसते बसायला."

"इथं नुसतं बसवणार नाही माझ्यानं. छाटायची कात्री मागेन, मग शिडी." त्यांनी पिशवीची मूठ तिच्या हातातून घेतली. "रविवारी तू ये. आमचा जिना अरुंद आहे, जपून चढ."

 मातीनं भरलेला हात मेरिएलनं त्यांच्या बाहीवर ठेवला आणि काढून घेतला.

बार्ली पिल्लू असल्यापासून त्यांना एक सवय होती. तो रस्त्यावर धावू नये म्हणून फाटकाची कडी लावली की ते ती दोनदा ओढून पाहत. आता त्यांनी फाटक बाहेरून ओढून घेतलं, कडी लावली, दोनदा ओढून पाहिली आणि हलकी झालेली पिशवी घेऊन उतार उतरू लागले.