हातची पेटी

अकरावीच्या आधी पुण्यात महिनाभराचा उन्हाळी विज्ञानवर्ग होता, आणि अख्ख्या रत्नागिरी तालुक्यातून निवड झाली एकट्या दर्शनाची. पुण्यावरून जाणाऱ्या नाशिकच्या एसटीत बसवून देताना आईने सड्यावरच्या बागेतल्या कलमाच्या आंब्यांची पेटी तिच्या पायाशी सरकवली आणि दहादा बजावलं, "बॅग गेली तरी चालेल, पण पेटी हातची सोडू नको हां!"

फळ्यांतून गवत बाहेर आलेली, सुतळीने आवळलेली ती पेटी घेऊन शहरातल्या पोरींसमोर उभं राहायचं, या विचारानेच दर्शना घाटभर कानकोंडी झाली. स्वारगेटला ती नुसती बॅग घेऊन उतरली. कंडक्टर मागून ओरडला, "ए पोरी, पेटी राहिली तुझी!"

"माझी नाही ती," म्हणून तिने मागे वळूनही पाहिलं नाही. गाडी नाशिककडे निघून गेली.

वर्गाच्या दारात बाईंनी निवडपत्र मागितलं. त्याशिवाय आत घेणार नव्हते. बॅग तीनदा उपसूनही ते सापडेना, तेव्हा तिने एसटीडी बूथवरून गावी शेजारच्यांकडे फोन लावला आणि आईला फोनवर बोलावून घेतलं.

"अगो, रडतेस काय? प्रवासात बॅगा मारतात, म्हणून पत्र मी तुलाही न सांगता पेटीत घातलं, आंब्यांखाली गवतात. पेटी आहे ना गो जवळ?"