धुऱ्यावरची फुलं

"उंच मागं, बुटकं पुढं! नाही तं मागच्याचं तोंड कोण पाह्यते?" सायराबीनं गोजरबाईच्या हातातलं शंकासुराचं रोप काढून घेतलं आणि मागं सरकवून ठेवलं. जानेफळच्या रस्त्यावर तिची छोटी नर्सरी. रोप विकण्याआधी गिऱ्हाईकाला दोन गोष्टी सुनावल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

गोजरबाईला शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं, फुलं लावायची होती. बारा फूट जागा. उन्हाळाभर फुलतील आणि दरसाल टिकतील अशी झाडं हवीत म्हणाली. तूर नाही, अंबाडी नाही, फुलं! दुसरी कुणी असती तर सायराबीनं तिची यथेच्छ थट्टा केली असती. पण ही जानरावची बायको. गेल्या भादव्यात डोक्याच्या वर गेलेल्या बीटी पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, जानराव किडीचं औषध फवारत होता. वारा फिरला, सगळं तोंडावर आलं आणि तो त्या धुऱ्यापाशीच कोसळला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

"लोकं येता-जाता बोट दाखोतात," गोजरबाई म्हणाली. "'हेथंच पडला जानराव.' माही छकुली त्याच वाटेनं शाळेत जाते. तिच्या कानावर रोज तेच. आता लोकाईनं तेथं फुलं पाहावं, बस्स."

सायराबी नेटानं कामाला लागली. मागं केशरी शंकासुर, त्याच्यापुढं पांढरी सदाफुली, अगदी कडेला तांबडा-पिवळा गलांडा. "लालाले लाल भिडू द्याचं नाही. मधात पांढरं पायजे, तवा डोळ्याले थंड वाटते."

"अन् हे?" गोजरबाईनं गुलाबी कण्हेरीकडं बोट केलं. "याले शेळी तोंड लावत नाही. पाणीबी कमी लागते."

सायराबीचा हात थांबला. "ते विकाचं नाही."

"काऊन? त्या मास्तरले तं आत्ताच दोन देले तुमी."

"माही मर्जी. जास्वंद ने."

गोजरबाई तिच्याकडं बघतच राहिली. कण्हेर विषारी, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सायराबीनं नजर चोरली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"सायराबी, मी जीव देईन असं वाटते तुमाले?"

"घरी लेकरू हाये तुह्या. मले भेव वाटते, बाई."

"मराचंच असतं तं कण्हेरीपाशी कायले आली असती? त्याच्या फवारणीच्या औषधाचा अर्धा डबा हाये घरी. फळीवर ठेवला. रोज पुसते मी त्याले."

सायराबी हादरली. हातातलं रोप तिथंच टाकून तिनं गोजरबाईचं मनगट धरलं. "या अल्ला! पुसते? अवं, त्यानंच तं तुह्या मानसाचा घात केला! चाल, आत्ताच्या आत्ता चाल, मी येते तुह्यासंगं. तो डबा मले देऊन टाक. मंग कण्हेर एक काय, चार ने. फुकट ने!"

गोजरबाई जागची हलली नाही. गालावरून पाणी ओघळत होतं.

"मेहकरच्या बाजारातून त्यानं आणलेली शेवटची चीज हाये ते," ती म्हणाली. "झाकणावर त्याच्या बोटाचे डाग हायेत, सायराबी. तो डबा तुमाले देला, तं माह्यापाशी त्याचं राह्यते काय?"