भाव वाढेल म्हणून

"तीन वर्षं तुम्ही एकच उत्तर देताय, बुरुलसुन एजे," तोल्गोनाय म्हणाली. "पडून असलेली मशिनं का विकत नाही? तर भाव वाढेल म्हणून. आणि भाव तर दरवर्षी उतरतोय."

बुरुलसुनने चहाची वाटी तिच्यापुढे सरकवली. तोकमोक शहरातला हा शिवणकारखाना तिचा आणि तिचा भागीदार शार्शेनचा, निम्मा-निम्मा. तोल्गोनाय राजधानीतल्या, बिश्केकच्या विद्यापीठातली. कारखानदार आपल्या भांडवलाचे निर्णय कसे घेतात, तोट्यातल्या गोष्टीला का चिकटून बसतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. बर्फ वितळलं की ती प्रश्नांचे कागद घेऊन हजर व्हायची.

काचेपलीकडे खाली बारा बायका कोट शिवत होत्या. त्यांच्यामागचा अर्धा हॉल चादरींनी झाकलेला. चादरींखाली चाळीस मशिनं. ती चालवणाऱ्या बायका कधीच्या रशियाला गेल्या होत्या.

"लिही की काहीतरी. तुम्हा शिकलेल्यांना कारणं सुचतात."

"मला सुचलेलं नको. तुमचं हवंय. यात नाव कुणाचंच येत नाही."

खाली अंगणात ट्रक येऊन थांबला. शार्शेनने मशिनांना गिऱ्हाईक आणलं होतं. सकाळीच त्याने बजावलं होतं, "आज नाही म्हणालीस, तर माझा वाटा मोकळा कर आणि बस त्यांना कवटाळून."

बुरुलसुन ट्रककडे बघत राहिली.

"एकच ठेवायचं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"मशीन. पण एकच ठेवलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, कुणाचं म्हणून. म्हणून चाळीस ठेवली."

तोल्गोनायने पेन खाली ठेवलं.

"माझ्या लेकीचं, कुंदुजचं. बाह्यांचा अख्खा गठ्ठा उलटा शिवला तिने. सगळ्यांसमोर कामावरून काढली मी तिला. मालकिणीच्या पोरीला सूट दिली, तर बाकीच्या का ऐकतील? निर्णय चुकला नव्हता गं माझा. त्या दिवसापासून एक गठ्ठा उलटा निघाला नाही. संध्याकाळी घरी गेले, तर ती रशियात, कझानच्या वाटेला लागली होती. पाच वर्षं झाली. फोन येतो. बापाला."

खालून शार्शेनची हाक आली. बुरुलसुन उठली, डोक्यावरचा रुमाल घट्ट केला आणि जिना उतरली.

चादरी निघाल्या होत्या. दोन माणसं पहिलं मशीन उचलत होती.

"एकोणचाळीस न्या," ती म्हणाली. "खिडकीजवळचं राहू दे."

"आता हे काय नवीन?" शार्शेन वैतागला. "मोडलंय का ते?"

"कुंदुजचं आहे."

पाच वर्षांत हे नाव तिने कारखान्यात उच्चारलं नव्हतं. बारा मशिनांची घरघर एकदम थांबली.

कोपऱ्यातून इस्त्रीवाली म्हातारी कालिचा कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"एवढंच होतं, तर आधी बोलायचंस की बाई! पाच वर्षं चाळीसांची धूळ पुसतेय मी. आम्हाला काय ठाऊक नव्हतं होय?"

कुणीतरी हसलं, कुणीतरी नाक ओढलं. शार्शेनने माणसांना खूण केली. "ऐकलंत ना? एकोणचाळीस."

ट्रक गेला तेव्हा दुपार कलली होती. मोकळ्या फरशीवर मशिनांच्या पायांचे चौकोनी डाग उरले होते. बायका पुन्हा कामाला लागल्या. तोल्गोनाय दाराशीच थांबली होती, आत आली नाही.

बुरुलसुन खिडकीजवळ गेली आणि स्टुलावर बसली. स्टूल फारच बुटकं होतं. तिचे गुडघे मशिनाच्या फळीला लागले.

"थांब, उंच करून देते," कालिचा म्हणाली.

"नको," बुरुलसुन म्हणाली. "तिच्या मापाचं आहे."