अक्षदाचा जुना आवाज

अक्षदानं नळी ओठांत धरली आणि ग्लासातल्या पाण्यात गुणगुणायला लागली. बुडबुडे आले, सूर थरथरला, मग हळूहळू नाकाच्या शेंड्याशी येऊन बसला.

"आता तिथंच राहू दे त्याला," करुणाताई म्हणाल्या. "ओढूनताणून बारीक करू नकोस. बारीक आवाज चिलटालाही असतो."

करुणाताई स्पीच थेरपिस्ट. दौंडात रेल्वे कॉलनीमागं त्यांची छोटी जागा. दुपारी तिथं सगळंच पेंगलेलं असायचं. पडदा, पंखा, स्टेशनातून वाऱ्यावर तरंगत येणारी गाडीची घोषणा. अक्षदा अर्धवट झोपेत असल्यासारखी 'म्म्म' करत बसायची आणि मधूनच एखादा शब्द असा निघायचा की तिचं तिलाच गोड वाटायचं. आजवर ती पुरुषी आवाजात बोलली होती. तिच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची, पण तिनं तोंड उघडलं की दचकायची.

खरी भूक मात्र वेगळीच होती. आबांनी एकदा हाक मारावी. 'अक्षदा' म्हणून.

आबा म्हणजे तिचे वडील, म्हाळू. कवठे येमाईच्या विहारात तेच वंदना सांगायचे. खणखणीत, पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी. तिनं घर सोडलं तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "मला पोरगा हाय. पोरगी न्हाई." त्यानंतर एक अक्षर नाही. दर रविवारी ती फोन करायची. आई, पार्वतीबाई, पिकापाण्याचं बोलायची, आबांच्या तब्येतीचं विचारलं की विषय बदलायची आणि फोन त्यांच्या हातात द्यायची. तिकडून नुसता घरघरता श्वास. मग आईच म्हणायची, ठेव आता बाळा. म्हातारा लई हट्टी, असं पुटपुटत अक्षदा रडायची.

एका दुपारी करुणाताईंनी जरा अडखळतच विषय काढला. शिरूर भागातला त्यांचा एक पेशंट होता. नाव सांगता येत नव्हतं. कॅन्सरमुळं त्याचं स्वरयंत्रच काढून टाकलेलं. टाइप केलेलं बोलून दाखवणारं ॲप त्याच्या फोनमध्ये टाकायचं होतं, पण त्यातला यंत्राचा आवाज त्याला नको होता. आपल्या बोलीतला, जित्याजागत्या माणसाचा हवा होता. थेरपी सुरू होण्याआधीचं अक्षदाचं रेकॉर्डिंग ताईंकडं होतं. तिची हरकत नसेल तर त्यावरून त्याचा आवाज बनवता आला असता.

अक्षदा हसली. "द्या की. मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

"नीट विचार कर. कुणीतरी जन्मभर तुझ्या आवाजात बोलणार."

"बोलू द्या, ताई. माझ्याकडं तो कधी नांदलाच न्हाई. त्याच्याकडं तरी सुखानं नांदू दे."

संध्याकाळी भीमेच्या काठानं चालताना तिला अगदी हलकं वाटत होतं. जुने कपडे बोहारणीला देऊन टाकावेत तसं. पाणी निवांत होतं. ती गुणगुणत घरी गेली.

काही आठवड्यांनी, एका रविवारी, तिनं करायच्या आधीच घरून फोन आला.

"बोल आई," ती म्हणाली. नवा आवाज आता न बोलावता यायचा.

तिकडं तोच घरघरता श्वास होता. मागं काचेवर बोटाची टकटक ऐकू आली.

मग तिच्या कानात तिचाच जुना, देऊन टाकलेला आवाज सावकाश म्हणाला, "अक्षदा, आबा बोलतोय."