परत न मागितलेले डबे

दुपारपासूनचा हा तिसरा डबा. मैथिलीने दार उघडलं तर समोर अनुराधावहिनी, आणि हातात पुरणपोळ्या. ना सण, ना वार. साधा गुरुवार.

"गरम आहेत तोवर खाऊन घ्या गं. आणि डबा राहू दे तुझ्याकडेच."

मैथिलीने दोन्ही हातांनी डबा घेतला.

रास अल खैमाच्या डोंगरात, दगडाच्या खाणीला लागून ही कंपनीची वसाहत. बैठ्या घरांच्या चार रांगा, एक किराणा दुकान, मधे झोपाळ्यांचं मैदान. दीड वर्षापूर्वी मैथिली आली तेव्हा इथे दोनशेच्या वर माणसं होती. आता एकसष्ट. आकडा तिला कुणी सांगावा लागत नसे. कुणाच्या दोरीवर कपडे दिसेनासे झाले, यावर तिची रोजची नजर होती.

कामावरून काढलं का, असं इथे कुणी कुणाला तोंडावर विचारत नाही. यादी लागली की आधी शेजाऱ्यांना कळतं, ज्याचं नाव लागलं त्याच्या घरी सगळ्यांत शेवटी. मग त्या घरी डबे जायला लागतात. दिलेला डबा परत मागायचा नाही, तोच निरोप. मैथिलीने स्वतः सहा घरी असे डबे पोचवले होते. संपदाकडे शिरा घेऊन गेली तेव्हा ती बिचारी नव्या पडद्यांसाठी खिडकीचं माप घेत होती.

"तुला कळलंय ना सगळं?" वहिनींनी हळूच विचारलं.

काय कळायचंय, असं विचारायला हवं होतं. पण संपदाचा तो पट्टी धरलेला हात आठवला आणि मैथिली म्हणाली, "हो तर."

"धीराची आहेस हो. मला नसतं जमलं बाई." वहिनींनी मैथिलीच्या लेकीच्या, शुभ्राच्या गालावरून हात फिरवला. पायऱ्या उतरताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

ओट्यावर आता नूरजहाँची बिर्याणी, वहिनींच्या पोळ्या आणि कावेरीताईंची लोणच्याची बरणी. बरणी अर्धीच होती. सोबत अर्ध्यावर आलेला तुपाचा डबाही होता. "रख लो, मैथिली, डिब्बे की टेंशन मत लेना," नूरजहाँ म्हणाली होती आणि दारातच तिचा आवाज चिरकला होता.

मैथिली दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेली. सवयीने प्रत्येक कपडा झटकला, पण धूळ उडाली नाही. दगड फोडणारा क्रशर सकाळपासून बंद होता. तिला ते जाणवलं, आणि मनातून निसटूनही गेलं. तिचं सगळं लक्ष झोपाळ्याकडे होतं. शुभ्रा तिथे एकटीच बसली होती.

शुभ्रा चार वर्षांची. दुबईत, अल बर्शाच्या अकराव्या मजल्यावर होते तोवर ती एक शब्द बोलली नव्हती. डॉक्टर म्हणाले, मुलीला औषध नको, आजूबाजूला पोरं हवीत. म्हणून मॉल सोडून, मेट्रो सोडून हे लोक या डोंगरात आले. इथे अकरा पोरं होती. चौथ्या महिन्यात नूरजहाँच्या रुहानने चेंडू पळवला आणि शुभ्रा ओरडली, "गिव्ह!" मैथिली तिथेच मातीत बसून रडली होती. दिवाळीत पहिली यादी लागली तेव्हा तिने नवऱ्याला, अंकुरला बजावलं होतं, "काहीही कर. पगार कमी घे, कुठलंही काम घे. पण इथून हलायचं नाही."

अंकुर इलेक्ट्रिकलला होता. कालपासून दुबईच्या हेड ऑफिसमध्ये. आज त्याने एकदाही फोन उचलला नव्हता.

"रुहान येणार आहे का गं खेळायला?" तिने शुभ्राला विचारलं.

"नो. ही सेड बाय-बाय."

म्हणजे पोरांनाही सांगून झालं होतं. मैथिलीने माळ्यावरची बॅग खाली ओढली आणि शुभ्राचे फ्रॉक भरायला घेतले. परत तो अकरावा मजला. परत ते गप्प तोंड.

सहा वाजता अंकुर आला. त्याच्या हातात केकचा खोका होता. बॅग पाहून तो थबकला.

"हे काय?"

"नाव लागलं ना आपलं? लपवू नकोस. वसाहतभर झालंय."

"नाव लागलंय." तो हसला. "पण काढलेल्यांत नाही, अगं! खाणच बंद झाली. खलास. सकाळी सगळ्यांना पत्रं दिली, महिनाअखेर घरं रिकामी करायची. फक्त मशिनरी विकली जाईपर्यंत जनरेटर आणि पंप बघायला एक माणूस हवाय. दोन वर्षं, फॅमिलीसकट. कुणी तयार होईना. मी म्हटलं, माझी बायको तर केव्हाची तयार आहे. सहीच करून आलो. तुला सरप्राइज द्यायचं म्हणून फोन नाही उचलला."

मैथिलीच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला.

"नूरजहाँ?"

"सगळे, मैथिली."

"आणि पोरं?"

"ती काय मागे राहणार आहेत?" त्याने शुभ्राला उचलून खांद्यावर बसवलं.

"अंकुर, म्हणजे इथे आपण एकटे?"

"एकटे कसे? आपण तिघं आहोत की!"