आलेले पाच, गेलेले पाच

आलेले : एक. गेलेले : एक. रिकाम्या जागा : शून्य.

केळीचं पान मांडताना टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला.

चोळपुरमहून येणाऱ्या सव्वानऊच्या बसमध्ये बसायला जागा मिळत नाही.

डाव्या हातानं पळीतलं सांबार न सांडता तोंडाशी न्यायला माणसाला पाच महिने लागतात.

"नीट ऐकून ठेव. ही जागा तुझी नव्हे."

श्रीविद्यानं टॅब गुडघ्यावर ठेवला आणि विचारलं, "अक्का, ह्या महिन्यात गेलेले किती?"

"एक," विजयलक्ष्मी म्हणाली. ती कढईत वांगी परतत होती. उजव्या मनगटावर भाजल्याची पट्टी होती, त्या हातानं ती नुसती कढई धरत होती.

"आलेले?"

"तोच. सोमवारी आला, शनिवारी गेला."

"रिकाम्या जागा?"

"शून्य."

श्रीविद्या सरकारी रोजगार-पाहणीसाठी महिन्यातून एकदा कुंभकोणममधल्या चाळीस दुकानांत, शाळांत, हॉटेलांत हेच प्रश्न विचारत फिरे. आज तिच्याजवळ एक प्रश्न जास्तीचा होता. साहेबांनी या मेसचे पाच महिन्यांचे आकडे परत पाठवले होते.

"पाच महिन्यांत पाच आले, पाच गेले. आणि जागा कधीच रिकामी नाही म्हणता. साहेब विचारतात, जागाच नाही तर माणसं घेता कुठे?"

"साहेबांना जेवायला पाठव. त्यांनाही बसवीन कुठेतरी."

स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीत बसलेले सुरेंद्र मामा हसले. हसताना त्यांचं तोंड एकाच बाजूनं हलत असे. मेसचे स्वयंपाकी ते. पोंगलच्या आठवड्यात उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्यांनी कढई धरली नव्हती. तरी रोज सकाळी चोळपुरमच्या बसनं ते येत. मेसमधलं प्रत्येक पातेलं पहिल्यांदा त्यांच्यापुढे ठेवलं जाई.

"अक्का, मामांना तुम्ही माणसांत धरता का?"

"धरते. रजेवर आहेत."

"आणि हे पाच जण?"

"मामा बरे होईपर्यंत."

"तेंच सांगते ही," मामा म्हणाले. जीभ जड झाली होती, एकेक शब्द वेगळा येत होता. "पहिल्याच दिवशी. हातांत झारा देते आणि सांगते, जागा तुझी नव्हे. कोण राहील गे? तो तिरुप्पनंदाळचा किती चांगला होता. रसम माझ्यापेक्षां बरें करी."

"काही नाही. मिरं जास्त घाली."

"मिरं जास्त घाली म्हणून चांगला."

विजयलक्ष्मी कढई उतरवायला गेली. मनगट वळलं तसा तिचा चेहरा आकसला. रात्रीचं जेवण तिनं दोन महिन्यांपूर्वी बंद केलं होतं. दुपारच्या साठ पानांसाठी ती पहाटे चारला उभी राही. कालच तिनं घरमालकाला सांगितलं होतं, आणखी महिनाभर बघते, नाहीतर मेस बंद करते. मामा तेव्हाही याच खुर्चीत होते.

त्यांनी डावा हात श्रीविद्याच्या टॅबकडे केला.

"लिही. रिकामी जागा, एक. सैंपाकी."

"मामा, तुम्ही गप्प बसा."

"गेलेले, दोन लिही. एक तो शनवारचा. एक मी. आपण होऊन गेला म्हणून लिही."

श्रीविद्याचं बोट टॅबवर अधांतरी राहिलं. "मामा, मला मालकाचंच उत्तर लागतं. नियम आहे."

"मग मालकिणीला विचार."

विजयलक्ष्मीनं चूल बारीक केली. पदराला हात पुसले. आत भाजी चिरणारी बाई सुरी थांबवून ऐकत होती.

"रिकामी जागा म्हणजे काय गं?" विजयलक्ष्मीनं विचारलं.

"काम असायला हवं. माणूस मिळाला तर महिन्याच्या आत रुजू होता यावा. आणि तुम्ही बाहेर माणूस शोधत असायला हव्यात. कायमचा."

"कुणासाठी राखून ठेवली असेल तर?"

"तर ती रिकामी नव्हे."

विजयलक्ष्मीनं मामांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडला होता, कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. मामा तिच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते.

"एक," ती म्हणाली. "रिकामी जागा, एक. आजच दारावर 'सैंपाकी पाहिजे'चा फळा लावते."

मामांनी डोळे मिटले. श्रीविद्यानं आकडा घातला. मग हळूच विचारलं, "आणि गेलेले? दोन?"

"एक."

"पण अक्का, मामा..."

"माणूस एका कामावरून दुसऱ्या कामावर गेला, त्याच मेसमध्ये, तर तो गेलेल्यांत येतो का?"

"नाही."

"मग एक. ते आता चव बघायच्या कामावर आहेत. रोज, दहा ते दोन. आणि नव्या माणसाचं मिरं तेच मोजतील."

"विजी," मामा म्हणाले, आणि पुढचा शब्द त्यांना जमेना.

विजयलक्ष्मीनं पळीत सांबार घेतलं, फुंकून निववलं आणि पळी त्यांच्या डाव्या हातात दिली. "बोलूं नका. मीठ सांगा."

श्रीविद्या टॅबवरच्या तक्त्याकडे बघत होती. "अक्का, साहेब विचारतील. चव बघणाऱ्याची जागा मेसमध्ये आधी होती का?"

"नव्हती. तसंच लिही."

१९९७ च्या आषाढात सतरा वर्षांची विजयलक्ष्मी याच दारात येऊन उभी राहिली आणि सुरेंद्र मामांनी तिला वांगी चिरायला बसवलं, त्या दिवशी मेसमध्ये एकही जागा रिकामी नव्हती.